मोरदऱ्यावरची कारवी

"डोंगर आज पण पडला," चष्मा काढून डबीत ठेवत शर्वरी म्हणाली. शेजारणीकडून आणलेली वाटी परत करून आले, असं सांगावं इतक्या साध्या सुरात. "कालच्यापेक्षा लवकर पडला. आधी आपल्या शाळेचं छप्पर गेलं, मग खालची आळी."

वर्गात हशा पिकला. प्रथमेश कंक तर बाकावरच उभा राहिला. "बाई, ही रोज थापा मारती! मला तर नुसती फुलं दिसली. जांभळी जांभळी. सगळा मोरदरा भरला होता."

दारवटकर बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. थापा मारणारी मुलगी त्यांचीच होती, त्यामुळे हसता येईना आणि वर्गासमोर रागावताही येईना. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मोरदरा शाळेच्या पाठीशी होता तसाच उभा होता, धुक्यात कमरेपर्यंत बुडालेला. पाऊस आठवडाभर मागे लागल्यासारखा कोसळत होता.

उंबरटेक गावात रोहिणी दारवटकर दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे तिचा विज्ञानाचा तास आणि दुसरी म्हणजे तिचा भित्रेपणा. भिंतीवर पाल दिसली की बाई वर्गाबाहेर, वीज कडाडली की बाईंचं तोंड फळ्याकडे. तिच्या नवऱ्याला, सुहासला, याची भारी गंमत वाटायची. तो वायरमन होता. भर वादळात विजेच्या खांबावर चढणारा माणूस आणि बायको माळ्यावरचा डबा काढताना शिडीच्या दुसऱ्या पायरीवर डोळे मिटून घेणारी. "आपल्या घरातली सगळी भीती तू एकटीच वापरतेस," तो म्हणायचा, "आम्हा बापलेकीला काही उरतच नाही."

गेल्या वर्षी असाच पाऊस असताना, बंद केलेल्या लाइनीवर कुणाच्या तरी इन्व्हर्टरचा उलटा करंट आला आणि सुहास खांबावरून परत उतरलाच नाही. शर्वरी तेव्हा खाली टॉर्च धरून उभी होती. त्या दिवसापासून ती पोर कशालाच घाबरेनाशी झाली. अंधाराला नाही, पिसाळलेल्या कुत्र्याला नाही. अंगणात निघालेला साप तिने काठीने उचलून बांधापलीकडे टाकला. लोक कौतुकाने म्हणाले, बापावर गेली. रोहिणीला मात्र ते बघून धस्स झालं होतं. आपल्या मुलीच्या आतली कुठली तरी तार तुटली आहे आणि ती कुठल्याच खांबावर चढून जोडता येत नाही, असं तिला वाटत राहायचं.

आणि आता हे डोंगर पडण्याचं खूळ.

तीन वर्षांपूर्वी 'आपला डोंगर' हा पर्यावरण शिक्षणाचा उपक्रम शाळेत आला, तेव्हा सगळ्यात जास्त उत्साह रोहिणीलाच होता. मुलांनी स्वतःच्या हाताने मोरदऱ्याच्या उतारावर खुंट्या ठोकल्या. खुंट्या हे मुलांनी दिलेलं नाव. प्रत्येकीच्या पोटात सेन्सर होते. माती किती ओली आहे, आतल्या पाण्याचा दाब किती आहे, खुंटी स्वतः किती कलली आहे, हे सगळं मोजून त्या सतत दूरच्या एका संगणकाकडे पाठवायच्या. तिथे त्या आकड्यांतून मोरदऱ्याचा जुळा भाऊ तयार झाला होता. खऱ्या डोंगराला जे सोसावं लागे ते सगळं जुळ्यालाही. फरक इतकाच, की जुळ्याचं घड्याळ पुढे पळवता येत होतं. पाऊस असाच पडत राहिला तर परवा डोंगराचं काय होईल, ते जुळ्यावर आजच होऊन जाई आणि मुलं चष्मा लावून ते बघत. पाणी मातीच्या कणांमध्ये शिरतं, कणांना एकमेकांपासून दूर लोटतं, त्यांची पकड सुटते आणि मग अख्खा उतार आपल्याच वजनाने निघतो. पुस्तकातल्या चार ओळी मुलांना घोकूनही कळत नसत. चष्म्यातून एकदा बघितल्यावर पहिलीतलं पोरही कारवीची झुडपं का तोडू नयेत ते आजीला समजावून सांगू लागलं. कारवीची मुळं म्हणजे डोंगराला घातलेले टाके.

पण पहिल्याच वर्षी मुलं रात्री दचकून उठायला लागली. कुणी अंथरूण ओलं करू लागलं. पालकसभा बोलावली गेली आणि तीत सगळ्यात तावातावाने बोलली ती रोहिणीच. मुलांना घाबरवून निसर्ग शिकवायचा नसतो, म्हणाली. उपक्रम चालवणाऱ्या कंपनीने ऐकलं. पुढच्या वर्षी चष्म्यात नवी सोय आली, तिचं नाव धीरमर्यादा. चष्म्याची दांडी कानशिलावरची नाडी बघायची, घाम बघायची, आणि काचा डोळ्यांतल्या बाहुल्या किती मोठ्या झाल्या ते बघायच्या. पोराला सोसवेनासं झालं की चित्र सौम्य व्हायचं. पालक खूश झाले, बाईही खूश झाल्या. डबीवर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती: हे शैक्षणिक साधन आहे, इशारा देणारी यंत्रणा नव्हे. ती कुणी दुसऱ्यांदा वाचली नाही.

त्या संध्याकाळी जेवताना रोहिणीने विषय काढला. "शरू, वर्गात असं बोलू नये गं. लोक नावं ठेवतात."

"पण मला दिसतं ते सांगते." शर्वरीने भाताचा घास कालवला. "आधी शाळेमागचा झरा बंद होतो. मग कारवीची झुडपं उभीच्या उभी खाली चालत येतात. पडत नाहीत, चालतच येतात. मग आवाज."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

"कशाला?" मुलीने मान वर करून विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

रोहिणीने हातातला घास ताटात परत ठेवला. डोंगराची नाही, समोर शांतपणे जेवणाऱ्या स्वतःच्या मुलीची तिला भीती वाटली, आणि तशी ती वाटली याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचं दार उघडेना. चौकटीत घट्ट बसलं होतं. पावसाने लाकूड फुगलं म्हणत शिपाई महादूने खांदा लावून ते ढकललं. मग तो घागर घेऊन झऱ्यावर गेला आणि रिकामीच घागर घेऊन परत आला.

"बाई, आक्रीतच झालं. एवढा पाऊस, आन् झऱ्याला टिपूस न्हाई!"

रोहिणीला शर्वरीचे कालचे शब्द आठवले. चष्मा घेऊन ती तडक सरपंचांकडे गेली. बबनराव शिळीमकर ओसरीवर चहा पीत बसले होते. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर मिशीवरून हात फिरवत त्यांनी चष्मा मागितला. "आणा हिकडं. बघू तरी तुमच्या पोरीचा डोंगर कसा पडतोय त्यो."

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अवो बाई, काय सुरेख दिसतंय! सगळी कारवी फुललीया. आन् तुम्ही म्हनता डोंगर पडतोय." त्यांनी चष्मा परत दिला आणि आवाज खाली आणला. "रागावू नका, पर पोरीला एकदा डॉक्टरला दावा. बाप गेल्याचं डोक्यात बसलंय तिच्या."

ती परत निघाली. अर्ध्या वाटेत तिचं पाऊल अडखळलं. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. हे ती दरवर्षी शिकवायची. आणि यंदा काही तिचं वर्ष नव्हतं.

वर्गात शिरल्या शिरल्या तिने विचारलं, "काल धड्याच्या शेवटी कुणाला काय दिसलं? खरं खरं सांगा, मी रागावणार नाही."

प्रथमेशला फुलं. तो ढगाच्या गडगडाटालाही रडतो. समृद्धीला फुलं आणि वर फुलपाखरं. ती अजून एकटी परसात जात नाही. बांदलांच्या आडदांड यशने जरा डोकं खाजवलं. "फुलं थोडी होती, बाई. पन झाडं वाकडी दिसली. आन् वरती एक भेग पडल्यागत." मग तिने शर्वरीकडे पाहिलं. शर्वरीने नुसते खांदे उडवले. तिने सांगून झालं होतं.

रोहिणी खुर्चीत बसली. तिच्या लक्षात आलं. चष्मा प्रत्येकाला त्याच्या धीराएवढंच खरं दाखवत होता. ज्याला जितकी जास्त भीती, त्याला तितकी जास्त फुलं. आणि सरपंच मिशीवरून हात फिरवत होते ते काही उगाच नव्हतं. सगळ्या गावात पूर्ण खरं बघू शकणारी एकच व्यक्ती होती, कारण तिच्यात भीतीच उरलेली नव्हती. आणि तिलाच सगळे खोटारडी म्हणत होते. तिच्या आईसकट.

तिने कंपनीला फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलत होता. "मॅडम, धीरमर्यादा मुलांच्या सुरक्षेसाठी आहे, ती बंद होत नाही. तुम्हीच लोकांनी मागितली होती ना?"

"मग तुम्ही स्वतः बघा ना जुळ्याकडे! तुमच्याकडे आहे ना तो?"

"विद्यार्थ्यांचा धडा आम्हाला उघडता येत नाही, मॅडम. गोपनीयतेचा प्रश्न येतो. तुम्ही अर्ज करा, पंधरा दिवसांत उत्तर मिळेल."

तालुक्याला फोन केला, तर त्यांच्याकडे फक्त पावसाचा आकडा होता आणि तो धोक्याच्या रेषेखाली होता. शाळेच्या खेळण्यावरून गाव हलवायचं का, असं त्यांनी विचारलं. त्यांचंही फार चुकत नव्हतं. मुलीच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवणार नाही. कुणीतरी मोठ्या माणसाने बघायला हवं होतं. आणि मोठं माणूस म्हणजे दुसरं कोण?

मधल्या सुट्टीत मुलांना ओट्यावर पाठवून तिने रिकाम्या वर्गात चष्मा लावला.

फुलंच फुलं. मोरदरा माथ्यापासून पायथ्यापर्यंत जांभळा झाला होता, मधमाश्या गुणगुणत होत्या, कोवळं ऊन पडलं होतं. आयुष्यात तिने इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं आणि इतकं भयंकरही. तिची नाडी धावली तशी आणखी फुलं उमलली. या सगळ्याच्या पाठीमागे काय चाललं आहे या विचाराने तिचं काळीज लटपटलं, आणि फुलपाखरांचा एक थवाच तिच्या तोंडावरून गेला. तिने चष्मा ओरबाडून काढला.

ती रडली. मग डोळे पुसताना तिला सुहास आठवला. खांबावर चढताना तो पुटपुटत असायचा. देवाचं नाव घेतो असं गावाला वाटायचं. तो जुन्या शाळेत पाठ केलेली दिडकी, दीडाचा पाढा, म्हणत असे. "भीती जात नाही गं," त्याने एकदा सांगितलं होतं, "मलाही वाटते. पण तिला हिशेबाला बसवलं की ती हात कापवत नाही."

म्हणजे त्यालाही वाटत होती. हे वाक्य तिने तेव्हा ऐकूनच घेतलं नव्हतं.

तिने पुन्हा चष्मा लावला, डोळे मिटले आणि हळू आवाजात सुरू केलं. एक दिडं दीड. दोन दिडं तीन. तीन दिडं साडेचार. श्वास जरा खाली बसला. चार दिडं सहा, पाच दिडं साडेसात. तिने डोळे उघडले. फुलांचा रंग विटला होता. ती म्हणत राहिली. फुलं विरत गेली आणि खालून ओला, काळपट, जखमी मोरदरा वर आला. माथ्यावर एक लांबलचक भेग होती. चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ उद्याची दुपार दाखवत होतं. झरा कोरडा होता. मग कारवीची झुडपं हलली आणि शर्वरी म्हणाली होती तशीच उभीच्या उभी खाली चालत आली. शाळेचं छप्पर गेलं. चित्राच्या कडेला एक जांभळं फूल उमललं. नाही, आत्ता नाही, तिने स्वतःला बजावलं. सहा दिडं नऊ. सात दिडं साडेदहा. खालची आळी गेली. शिळीमकरांची ओसरी गेली. तिचं स्वतःचं घर गेलं, दारातल्या जास्वंदीसकट. शेवटपर्यंत बघून झाल्यावरच तिने चष्मा काढला.

ओट्याच्या टोकाला शर्वरी इतर मुलांपासून दूर एकटीच बसली होती. रोहिणी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तू खरं बोलत होतीस. मी पाहिलं. मी तुझं ऐकायला हवं होतं, शरू."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ किंचित हलला. "म्हणजे ते खरं आहे?" तिने विचारलं. "मला वाटलं, ते फक्त मलाच होतंय."

गाव हललं ते कुठल्याही पुराव्याने नाही. रोहिणी दारोदार गेली आणि प्रत्येक दारात तेच बोलली: उद्या दुपारी डोंगर येणार आहे, आज नदीपलीकडे चला. नाडी, घाम, बाहुल्या हे समजावत बसायला वेळ नव्हता. तिचा आवाज चढला नाही, कापला नाही. पालीला घाबरणारी बाई इतकी शांत बोलते आहे हे बघूनच लोकांची पाचावर धारण बसली. शिळीमकरांच्या सुनेने पहिल्यांदा पोरं उचलली. दिवेलागणीपर्यंत अख्खं उंबरटेक पलीकडच्या गावातल्या मंगल कार्यालयात सतरंज्यांवर बसलं होतं. शेळ्यामेंढ्या आल्या, गाईम्हशी मात्र पुलावरून यायला तयार होईनात म्हणून दावी सोडून तिकडेच ठेवाव्या लागल्या.

आणि त्याच संध्याकाळी पाऊस थांबला.

दुसरी दुपार झाली. डोंगर आला नाही. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. कार्यालयाच्या दारातून मोरदरा समोरच दिसत होता, हिरवागार, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. आता लोकांची तोंडं सुटली. म्हशी दुधाने तटल्या असतील. घरं उघडी टाकून आलो. बाईंना काय, पगार चालू आहे. पाऊस थांबला तरी आत मुरलेलं पाणी अजून खाली सरकतच असतं, दुपार पुढे गेली आहे, टळलेली नाही, असं रोहिणी सांगत होती. पण आता तिचा आवाज कापत होता आणि पुन्हा ती तीच जुनी भित्री बाई झाली होती. तिने चष्मा लावून बघितलं. चाळीस माणसं तोंडाकडे बघत असताना दिडकीही आठवेना. नुसती फुलं दिसली.

"आता आमचंबी ऐका," बबनराव उठले. टेम्पो दारात लागला होता, बोचकी चढायला लागली होती. "बाई, तुमची पोरगी कधी खोटं बोलली न्हाई म्हनता ना? मग तिलाच बघू द्या. ती म्हनली पडतोय, तर आम्ही हितंच बसतो. ती म्हनली न्हाई, तर आम्ही चाललो."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. रोहिणीला हायसंच वाटलं. शर्वरीला दिसेल. शर्वरीला नेहमीच दिसतं.

शर्वरी पुढे आली. या तीन दिवसांत ती फारशी बोललेली नव्हती. बाबांचा फोटो घरीच राहिला, एवढंच दोनदा म्हणाली होती, आणि झोपताना आईचा पदर मुठीत धरला होता. दमली असेल, असं रोहिणीला वाटलं होतं. मुलीने चष्मा लावला आणि तोंड दाराकडे केलं.

तिच्या ओठांवर हळूहळू हसू आलं.

"आई," ती म्हणाली, "कारवी फुललीये. सगळीकडे. अगं, किती फुलं! मला कधीच अशी दिसली नव्हती."

कार्यालयात एकच गलका झाला. कुणी टाळ्या वाजवल्या. बायकांनी देवाला हात जोडले. "चला रं, बसा!" बबनरावांनी आरोळी ठोकली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं आणि माणसं टेम्पोत चढू लागली.

रोहिणीने मुलीचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता आणि घामाने चिंब भिजला होता. मनगटातली नाडी अशी पळत होती की मोजता येईना. एक क्षण, फक्त एकच क्षण, तिला रडावंसं वाटलं ते आनंदाने. तिची मुलगी परत आली होती. मग समोर पुलाकडे तोंड करून उभा असलेला टेम्पो तिला दिसला.

ती धावली. ड्रायव्हर ओरडला तोवर तिने हात घालून किल्ली काढून घेतली होती. इंजिन बंद पडलं.

"बाई, ह्ये काय चाललंय?" बबनराव अंगावर आले.

तिने शर्वरीला पुढे ओढलं आणि मुलीचा ओला, गार हात सरपंचांच्या हातात दिला. "परवा तुम्हालाही फुलंच दिसली होती ना, बबनराव? तेव्हा तुमचा हात कसा होता, आठवा. खरं सांगा."

बबनराव त्या हाताकडे बघत राहिले. पोरीची बोटं त्यांच्या तळव्यात थरथरत होती. तोंडावर अजून तेच हसू होतं, कारण चष्मा तिने काढलेला नव्हता. हळूहळू सरपंचांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"उतरा," ते टेम्पोकडे न बघताच म्हणाले. "सगळी खाली उतरा. कुनी जायाचं न्हाई."

माणसं एकेक करून खाली उतरली आणि नदीपलीकडे बघत उभी राहिली. उन्हात मोरदरा फार सुंदर दिसत होता आणि ते कुणालाच बघवेना.

रोहिणीने मुलीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. शर्वरीने खऱ्या डोंगराकडे पाहिलं, मग आईकडे, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

"आई, मला भीती वाटतीये."

"मलाही," रोहिणी म्हणाली आणि किल्ली धरलेली मूठ तिच्या पाठीवर ठेवली.